आधी कंबर, मग हात

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात महाराष्ट्राच्या किरण नवगिरेने पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-ट्वेंटीतलं ते सर्वांत वेगवान शतक. त्याआधी २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या होत्या. किरण सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची, आणि क्रिकेटकडे वळण्याआधी ती मैदानी खेळांत होती: भालाफेक, गोळाफेक. गोल्फवरच्या लेखात तिचं नाव पहिल्याच ओळीत यायला कारण आहे. भाला फेकताना पुढचा पाय रोवला जातो, मग कंबर वळते, तिच्या मागून छाती येते, मग खांदा, मग कोपर, आणि भाला सर्वांत शेवटी सुटतो. गोल्फचा स्विंग याच क्रमाने चालतो. हा क्रम ज्याच्या अंगात आधीच मुरलेला असतो, त्याच्या हातात बॅट द्या नाहीतर क्लब, ताकद कुठून काढायची हे त्याला सांगावं लागत नाही.

बाकीच्यांना सांगावं लागतं. तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातात क्लब आला तो तिशी-चाळिशीनंतर. पुण्यातली नोकरी, परदेशातली बदली, निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ, निमित्त काहीही असो. पण फटका मारायचं पहिलं शिक्षण झालेलं असतं ते टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये. सोलापुरात तर ते हवेतच आहे. कसोटीत भारतासाठी पहिलं द्विशतक करणारे पॉली उम्रीगर १९२६ मध्ये याच शहरात जन्मले. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्याच मोसमात एका डावात १३ षटकार मारणारा अर्शिन कुलकर्णी इथलाच. तेव्हा पार्क स्टेडियमच्या आसपास वाढलेल्या माणसाने बॅट धरलीच नाही, असं होत नाही.

तोच फटका घेऊन हा माणूस ड्रायव्हिंग रेंजवर जातो, आणि पहिल्या बादलीतले अर्धे बॉल उजवीकडे वळत जातात. (डावखुऱ्यांनी सगळीकडे उलट समजावं.) शेजारचे अनुभवी गृहस्थ म्हणतात, ‘‘नुसते हात मारताय, जरा कंबर वापरा.’’ निदान बरोबर असतं. पण औषध घ्यायचं कसं हे कुणी सांगत नाही, म्हणून माणूस कंबर जोरात फिरवायला लागतो. बॉल आणखी उजवीकडे जातो आणि महिन्याभरात पाठ धरते. कंबर किती जोरात फिरते हा प्रश्न दुय्यम आहे. ती कधी सुटते आणि कधी आवरते, या दोन वेळा जमल्या की जोर आपोआप येतो. आपण या दोन वेळांविषयीच बोलणार आहोत.

पाव सेकंदातला क्रम

चांगल्या खेळाडूचा क्लब मागे-वर जायला साधारण पाऊण सेकंद घेतो आणि वरून बॉलपर्यंत यायला पाव सेकंद. अंगावर सेन्सर लावून या पाव सेकंदाची मोजणी गेली वीस-पंचवीस वर्षं चालू आहे, आणि अव्वल खेळाडूंचे आलेख बघितले की ते एकाच साच्यातले वाटतात. कंबर आपल्या कमाल वेगाला सर्वांत आधी पोचते. तिच्यानंतर छाती, मग पुढचा हात, आणि क्लब शेवटी. आकडे ढोबळ सांगायचे तर कंबर सेकंदाला साडेचारशे-पाचशे अंशांच्या वेगाने फिरते, छाती सातशेच्या आसपास, हात हजाराच्या जवळ, आणि क्लब दोन हजारांच्या वर. कुणाचा स्विंग देखणा असतो, कुणाचा बघवत नाही, पण क्रम दोघांचाही हाच.

या आलेखात चढ सगळ्यांना दिसतो, उतार दिसत नाही. कंबर कमाल वेगाला पोचली की लगेच मंदावू लागते, आणि तेव्हा क्लब बॉलपासून अजून बराच लांब असतो. धावत्या एसटीने ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे फेकला जातो, तसा मंदावणाऱ्या कंबरेचा वेग छातीला मिळतो, छातीचा हाताला आणि हाताचा क्लबला. हा ब्रेक लावण्याचं काम पुढच्या पायाचं आहे. तो जमीन खाली रेटतो, गुडघा सरळ होत जातो, आणि त्या बाजूचा खुबा मागे व वर ढकलला जातो. भालाफेक करणाऱ्याचा शेवटचा रोवलेला पाय हेच करतो. तो पाय गुडघ्यात वाकला की भाला जवळ पडतो.

म्हणून ‘शेवटपर्यंत कंबर फिरवत राहायची’ हा विचार डोक्यातून काढून टाका. बॉलला क्लब लागताना तुमची कंबर लक्ष्याकडे बरीच वळलेली असते, थांबलेली नसते, पण तिची मुख्य कामगिरी उरकलेली असते.

इथे जुन्या जमान्यातला मोठा गोल्फर बेन होगन याच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. १९५७ च्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात त्याने ठासून सांगितलं की क्लब खाली आणायची सुरुवात कंबरेने होते. ते आजही खरं आहे. पण होगनला तरुणपणी हूकने छळलं होतं, म्हणजे त्याचा बॉल डावीकडे वळून जायचा. कंबर लवकर आणि झपाट्याने उघडली की हूक कमी होतो, त्यामुळे त्याच्या दुखण्याला ते औषध लागू पडलं. आपल्या हौशी मंडळींचं दुखणं बहुधा उलटं असतं, स्लाइसचं. ते औषध तशाच मात्रेत घेतलं तर दुखणं वाढतं. मोठ्या खेळाडूची सूचना उचलताना ती त्याने कुठल्या व्याधीवर शोधली होती हे आधी बघावं.

क्रिकेटचा हात कुठे आडवा येतो

टेनिस बॉल हलका, बॅटही हलकी, गल्लीतली सीमारेषा वीस-पंचवीस पावलांवर. तिथे मनगट आणि कोपर पुरतं. शिवाय चेंडू समोरून येत असतो. तो कुठे पडेल, किती उठेल हे शेवटच्या क्षणापर्यंत ठरत नाही, त्यामुळे निर्णय हातांकडे ठेवणंच शहाणपणाचं. वर्षानुवर्षं शरीर हेच शिकतं की हात निघाले की फटका निघाला, बाकीचं अंग मागाहून येईल.

गोल्फचा बॉल पडून असतो. त्याच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही, सगळा वेळ तुमचा. आणि हातातली वस्तू लांब आहे. बॅटची लांबी नियमाने ३८ इंचांपर्यंत, ड्रायव्हर ४५ इंचांच्या आसपास, वर त्याचं सगळं वजन टोकाला. वर गेलेला असा क्लब हातांनी खेचला की तो बाहेरच्या बाजूने, खांद्यावरून बॉलकडे कोसळतो आणि बॉलला आडवा कापत जातो. स्लाइस तिथेच होतो. क्लबचा चेहरा कसा होता, पकड कशी होती या गोष्टीही स्लाइसला कारण असतात, पण क्रिकेटवरून आलेल्या माणसात मी आधी हातांचा उतावळेपणा शोधतो आणि बहुतेक वेळा तोच सापडतो.

सरळ बॅटने ड्राइव्ह मारायला शिकलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना पुढचा खांदा आणि कंबर बाजूलाच ठेवायची शिस्त लागलेली असते, कारण अंग उघडलं की चेंडू हवेत जातो. गोल्फमध्ये ती शिस्त बेडी होते. कंबर वेळेवर उघडली नाही की हातांना जायला वाट उरत नाही, मग ते कोपरात मुडपतात किंवा मनगट आयत्या वेळी उलटतं.

तिसरा प्रकार षटकारवाल्यांचा. पुढचा पाय लेगला बाजूला घेऊन, अंगासमोर जागा करून, मागच्या पायावर राहून उचलायचं. यांची कंबर छान सुटते. पण पुढचा पाय ब्रेक लावायला जागेवर नसतो आणि वजन मागेच राहतं. गोल्फमध्ये याचा परिणाम असा की क्लब आधी मातीला लागतो नाहीतर बॉलच्या टाळूवरून निसटतो. स्वतःला या तीनपैकी कुठल्या रांगेत उभं करायचं हे प्रामाणिकपणे ठरवा, कारण पुढचे सराव सगळ्यांना सारखे लागू नाहीत.

क्लब वर पोचायच्या आधी

कंबर नेमकी कधी सुटायला हवी? अगदी चांगले खेळणारेही याचं उत्तर ‘क्लब वर गेल्यावर’ असं देतात. प्रत्यक्षात ती त्याआधी सुटते. क्लब अजून मागे-वर जात असताना तळपायांवरचा दाब मागच्या पायाकडून पुढच्याकडे निघालेला असतो, आणि त्यापाठोपाठ कंबर परतीला लागते. क्षणभर अंगाचा वरचा भाग एका दिशेला जात असतो आणि खालचा दुसऱ्या. पोटाच्या तिरक्या स्नायूंना तेव्हा ताण पडतो, आणि ताणलेला स्नायू जोरात आकसतो. लांब फटक्याचं भांडवल याच क्षणात आहे.

क्लब वर नेऊन, थांबून, मग ‘आता कंबर’ अशी आज्ञा देणाऱ्याला हा ताण मिळत नाही. पाव सेकंदात आज्ञा देऊन पाळून घेणं कुणालाच जमत नाही. त्यामुळे खाली येताना कंबरेचा विचार करू नका. विचार करायचाच तर तो क्लब मागे जात असताना करा: हात छातीच्या उंचीला आले की पुढच्या पायाच्या तळव्याखाली जमीन जाणवली पाहिजे. बस्स, एवढंच. पुढे जे घडायचं ते त्या दाबाने घडवून आणायचं.

यात एक बारकावा आहे. पहिली हालचाल थोडी लक्ष्याकडे सरकण्याची असते आणि लगोलग वळण्याची. नुसतं सरकत राहिलात तर डोकं बॉलच्या पुढे जातं आणि पुढचा पाय टेकू न राहता झुकतो. दाब न टाकता नुसतं गरकन वळलात तर पुढचा खुबा मोकळा सुटतो, क्लब अंगामागे अडकतो, आणि बॉल सरळ उजवीकडे ढकलला जातो नाहीतर हातांनी वाचवायला गेल्यावर डावीकडे आपटतो. सरकणं जेमतेम काही बोटांचं पुरतं.

आणखी एक मत, जे सगळ्यांना पटणार नाही. गोल्फ प्रशिक्षक जिम मॅक्लीनने १९९२ मध्ये ‘एक्स-फॅक्टर’ ही कल्पना मांडल्यापासून, म्हणजे खांदे आणि कंबर यांच्या वळणातला फरक मोठा ठेवायचा, अनेक जण मागे जाताना कंबर जखडून ठेवतात. विशीतल्या लवचीक खेळाडूला ते चालतं. दिवसाचे आठ तास खुर्चीत किंवा दुकानाच्या गादीवर काढणाऱ्याने हे करू नये. कंबर मागे पंचेचाळीस अंशांपर्यंत खुशाल वळू द्या, पुढच्या पायाची टाच थोडी उचलली गेली तर उचलू द्या. जॅक निकलसची टाच उचलली जायची, आणि त्याच्या नावावर अठरा मेजर स्पर्धा आहेत. टाच उचलली की ती पुन्हा टेकवावी लागते, आणि ती टेकवणं हीच कंबर सुटायची खूण होते. घड्याळ आपोआप जुळतं.

खुबे तपासून घ्या

कमरेच्या पाच मणक्यांत मिळून फिरकी जेमतेम दहा-पंधरा अंशांची असते. बाकीचं सगळं वळण खुब्यांत आणि छातीच्या मणक्यांत व्हायला हवं. खुबे आखडलेले असले की शरीर ती तूट कमरेच्या मणक्यांकडून वसूल करतं, आणि हौशी गोल्फरांत पाठदुखी एवढी आढळते ती बऱ्याच अंशी यामुळे.

घरच्या घरी बघता येतं. उंच खुर्चीवर किंवा टेबलाच्या कडेवर पाय लोंबकळत सोडून ताठ बसा. गुडघे जागेवर ठेवून एक पाऊल बाहेरच्या बाजूला झुलवा. पाऊल बाहेर गेलं की खुबा आत फिरतो. पोटरी उभ्या रेषेपासून चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत गेली तर उत्तम, वीसच्या आत अडली तर कंबरेला वळायला जागाच नाही असं समजा. फटक्याच्या वेळी अंगाचा सगळा भार घेऊन पुढचा खुबा याच दिशेने फिरतो, म्हणून पुढच्या पायाची चाचणी जास्त महत्त्वाची.

आपल्याकडे एक गमतीची गोष्ट दिसते. मांडी घालून बसायची सवय असलेल्यांचे खुबे बाहेरच्या बाजूला मस्त फिरतात, त्यामुळे आपण लवचीक आहोत अशी त्यांची समजूत असते. आतल्या फिरकीशी मांडीचा काही संबंध नाही. ती वेगळी कमवावी लागते. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं खांद्यांहून जास्त अंतरावर ठेवा, आणि दोन्ही गुडघे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे संथपणे जमिनीकडे सोडा. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं पुरतात. फरक पडायला महिना-दीड महिना लागतो. तोवर एक सोय करा: उभं राहताना पुढच्या पायाचा चवडा लक्ष्याकडे पंचवीस-तीस अंश उघडा ठेवा. खुब्याला तेवढी सूट मिळते.

दुसरी चाचणी उभ्याने. बॉल मारायच्या पवित्र्यात उभे राहा, हात छातीवर, आणि खांदे न हलवता फक्त कंबर डावी-उजवी वळवून बघा. पुष्कळांना पहिल्या दिवशी जमत नाही, सगळं धड एका तुकड्यात फिरतं. घरातल्या कुणाला तरी समोरून खांदे धरून ठेवायला सांगा आणि पुन्हा करा. दोन-चार दिवसांत जमतं, कारण अडचण ताकदीची नसते, ओळखीची असते. हे जमेपर्यंत पुढच्या सरावात शिरू नका.

टॉवेल, पाऊल आणि वाळूची पिशवी

सोलापूरहून पुण्याचा गोल्फ कोर्स अडीचशे किलोमीटर. येरवड्याचा पूना क्लबचा असो की लवळ्याचा ऑक्सफर्डचा, रोज जाणं होणार नाही. मला हा तोटा वाटत नाही. क्रम बदलायचा असतो तेव्हा समोरचा बॉल हा सर्वांत मोठा शत्रू असतो. तो दिसला की हात जुन्या सवयीने धावतात. त्यामुळे पहिले दोन आठवडे अंगण, गच्ची किंवा समोरची मोकळी जागाच बरी.

पहिलं साधन घरात आहेच: सोलापुरी टर्किश टॉवेल. अंघोळीचा मोठा घ्या, पाण्यात भिजवून पिळा, लांब गुंडाळून एका टोकाला घट्ट गाठ मारा. दुसरं टोक दोन्ही हातांत क्लबसारखं धरा, गाठ मागच्या खांद्यावरून पाठीवर टेकू द्या आणि स्विंग करा. कंबर आधी निघाली तर टॉवेल ताणलेला राहतो, गाठ मागून येते, आणि ‘सूं’ असा आवाज तुमच्या पुढच्या पायाच्या समोर किंवा त्याच्याही पुढे होतो. हात आधी निघाले तर टॉवेल मध्येच सैल पडतो आणि आवाज मागच्या खांद्यापाशीच विरतो. गाठ पाठीवर टेकल्याची जाणीव होईपर्यंत खाली यायचं नाही, हाताने निघणाऱ्यांना हा एकच नियम पुरे. कोरडा टॉवेल चालत नाही, वजन हवं. आणि आजूबाजूला पोरं नाहीत हे बघून घ्या, ओली गाठ चांगलीच लागते.

दुसरा सराव पावलाचा, आणि एकच करायचा असेल तर हा करा. सात किंवा आठ नंबरचा आयर्न घ्या. दोन्ही पाय जुळवून उभे राहा. क्लब मागे न्यायला लागा. हात छातीच्या उंचीला आले, क्लब अजून वर जातोच आहे, तेवढ्यात पुढचा पाय उचलून खांद्याएवढ्या अंतरावर लक्ष्याच्या दिशेने टाका. पाय टेकला की मगच क्लब खाली. भालाफेक करणाऱ्याची शेवटची पावलं बघितली असतील तर ओळख पटेल: हात मागे राहिलेला असतो आणि पाय पुढे जाऊन रोवला जातो. हा सराव पहिल्यांदा करणारे हमखास एक चूक करतात. क्लब पूर्ण वर नेतात, थांबतात, पाऊल टाकतात, मग मारतात. त्यात ताण मिळत नाही. पाऊल आणि क्लब उलट दिशांना एकाच वेळी चालले पाहिजेत. सुरुवातीला तोल जाईल, जाऊ द्या. मनात ‘एक-दोन-तीन’ म्हणत मागे न्या आणि ‘चार’ला मारा, पाऊल ‘तीन’वर पडलं पाहिजे. दहा-दहाचे तीन हप्ते, मध्ये दम घेऊन.

जे सरकतात किंवा मागच्या पायावर राहतात त्यांनी पाऊल टेकल्यावर एक गोष्ट जोडावी. फटक्यानंतर पुढच्या पायावरच उभं राहून मागचा पाय जमिनीवरून उचलता आला पाहिजे. नाही आला तर दाब पुढे गेलेलाच नाही.

तिसरा सराव वजनाचा. दोन-तीन किलो वाळू भरलेली मजबूत कापडी पिशवी घ्या (व्यायामशाळेत मेडिसिन बॉल असेल तर उत्तमच). भिंतीला पुढची बाजू करून दोन-तीन हात लांब उभे राहा, पिशवी दोन्ही हातांनी मागच्या खुब्यापाशी न्या आणि भिंतीवर फेका. जड वस्तू नुसत्या हातांनी झपकन हलत नाही, त्यामुळे शरीर नाइलाजाने खालून सुरुवात करतं. शिकवणाऱ्याने शंभरदा सांगून जे होत नाही ते वजन करून घेतं. तालमीत घाम गाळलेल्यांना हे नवं नाही. कुस्तीत ढाक लावताना हातांनी ओढायची घाई केली तर डाव फसतो; आधी आपला खुबा समोरच्याच्या अंगाखाली जावा लागतो, हात मागाहून. एका वेळी आठ-दहा फेका पुरेत. दुसऱ्या बाजूनेही तेवढ्याच करा, म्हणजे अंग एकांगी होत नाही.

फटक्याच्या वेळी ज्यांचं ढुंगण बॉलच्या दिशेने पुढे येतं आणि अंग ताठ होतं, त्यांनी मागे एक खुर्ची अशी ठेवावी की पवित्र्यात दोन्ही बाजू तिला निसटत्या टेकतील. मागे जाताना मागची बाजू टेकलेली राहावी, खाली येताना पुढची. इतकंच.

हे सगळं क्लब हळू चालवून करायचं. अर्ध्या वेगात क्रम चुकत असेल तर पूर्ण वेगात तो बरोबर येण्याची शक्यता नाही. आणि एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत उरकून घ्या. चाळिशी पार केलेल्या उन्हात लक्ष लागत नाही, आणि दमलेलं अंग पहिल्यांदा कंबरेचं काम सोडून हातांवर येतं.

मोबाइलला काय विचारायचं

आपल्याला काय वाटतं आणि अंग काय करतं यात फार अंतर असतं. फोनमधलं स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमचं असेल तर पाव सेकंदाच्या त्या प्रवासाची साठेक चित्रं मिळतात. फोन छातीसमोर, कंबरेच्या उंचीवर, चार-पाच पावलांवर स्टूलवर ठेवा. शर्ट खोचा, म्हणजे पट्ट्याचं बक्कल दिसेल.

मग एकच फ्रेम शोधा: जिथे बक्कल मागे जायचं थांबून पुढे निघतं. त्या फ्रेममध्ये क्लब अजून वर चाललेला असेल तर तुमचं काम झालं. दोन्ही एकत्र थांबले असतील तर मध्यम. क्लब आधी खाली निघाला असेल तर पावलाच्या सरावाकडे परत. दुसरी फ्रेम बॉलला क्लब लागतो ती. तिथे बक्कल बॉलच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला वळलेलं दिसावं आणि पुढचा गुडघा जवळजवळ सरळ. याहून जास्त काही बघू नका. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळलेल्या पुण्याच्या उदयन मानेचा व्हिडिओ शेजारी लावून कोन जुळवत बसण्याचा मोह होईल. त्याचं अंग वेगळं, सराव वेगळा. तुलना आपल्या मागच्या आठवड्याच्या व्हिडिओशी करा.

तिसऱ्या आठवड्यात बॉल आणा, पण स्पंजचा किंवा भोकांचा प्लॅस्टिकचा. दोरीवर जाड सोलापुरी चादर सैल टांगली की जाळीचं काम होतं. खरा बॉल चादरीवर कधीही मारू नका. तो फाडून जातो किंवा उलटून तोंडावर येतो. त्यानंतर रेंजवर जाल तेव्हा अर्धी बादली घ्या, ड्रायव्हर गाडीतच ठेवा, आठ-नऊ नंबरच्या आयर्नने अर्ध्या जोराने मारा आणि दर तिसरा फटका पाऊल टाकून. सुरुवातीला बॉल वेडेवाकडे जातील, कारण हातांना अजून उशिरा पोचायची सवय नाही. काहींचा जुना स्लाइस जाऊन त्या जागी हूक येतो. घाबरू नका, तो बरा. स्लाइस हातांच्या घाईतून येतो, हा हूक बहुधा पकड जरा लक्ष्याच्या बाजूला वळवली आणि कंबर थोडी जास्त वळली की सुटतो.

दोन सूचना उरतात. पाठीतून कळ पायात उतरत असेल तर यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि पहिले सहा आठवडे बॉल किती लांब गेला हे मोजू नका, बक्कल कधी निघालं एवढंच बघा.